डाव्या हाताचा काप

"हलू नको. हलू नको म्हणलं ना! तुझ्याशी माझं काही भांडण न्हाई."

कचरू ओल्या कापसावर निजवलेल्या मासळीची समजूत काढत होता. मासळी केवढी, तर बोटाच्या दीड पेराएवढी. अंगावर निळे-रुपेरी पट्टे. लवंगेचं तेल घातलेल्या पाण्यात तिला गुंगी आणली होती, कल्ले तेवढे सावकाश हलत होते. कचरूने डाव्या हातात ब्लेड धरलं, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी कापूस दाबला आणि शेपटीचा पातळ पंखा टचकन कापला. नखाएवढाही तुकडा नव्हता तो. फुंकर मारून त्याने तो उडवला, मासळी टाकीत सोडली आणि जाळीने पुढची उचलली. तीन नंबरच्या टाकीत बारा मासळ्या होत्या. बाराही साडेनऊच्या आत उरकायच्या होत्या, कारण दहाला शिवकन्या यायची.

मासळ्या शिवकन्येच्या होत्या आणि त्या कापायचं कारणही तेच होतं.

कचरू रखमाजी हा जालन्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचा शिपाई. कागदावर ‘प्रयोगशाळा परिचर’, पोरांच्या तोंडी ‘कचरूमामा’. फॉर्मलिनच्या बरण्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवरची धूळ झटकायची, नळाला आठ दिवसांनी पाणी आलं की ड्रम भरून ठेवायचे आणि गेल्या दोन वर्षांपासून ह्या मासळ्या सांभाळायच्या.

मासळ्यांचं खूळ विभागप्रमुख सिराजोद्दीन सरांचं. सर कुठल्याशा प्रशिक्षणाला हैदराबादला गेले होते. तिथे थंडगार खोल्यांत काचेच्या टाक्यांच्या रांगाच्या रांगा आणि त्यांत ही पट्ट्यांची मासळी. परदेशातले मोठमोठे लोक हिच्यावर जखमांचा अभ्यास करतात, म्हणे. सरांनी टाकीला नाक लावलं आणि ते मोठ्याने हसले. ही तर आपल्या ओढ्यातली! परत आल्या आल्या त्यांनी कचरूला जीपमध्ये घातलं आणि घनसावंगीकडचा ओढा गाठला. कचरूने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा धरून घटकाभरात चाळीस मासळ्या काढल्या.

"आमच्याकडं हिला कोणी खात बी न्हाई सर. काट्यात मांस शोधत बसावं लागतं."

"खायची नाही रे! हिचं शेपूट कापलं ना कचरू, तर पंधरा दिवसांत परत येतं. पूरं का पूरं. डागसुद्धा राहत नाही."

कचरूचा उजवा हात आपोआप खिशात गेला.

"अन् माणसाचं, सर?"

सरांनी मासळ्यांच्या डब्यावरून मान वर केली नाही. "त्याच्यासाठीच तर ही सगळी मेहनत चाललीय, बाबा."

कचरूच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलेलं, मधलं निम्मं. अंगठा आणि पहिलं बोट तेवढं धड. हे कसं झालं ते विचारलं की तो "कारखान्यात" एवढंच सांगायचा आणि दुसरीकडे बघायचा. आपण मात्र सगळं सांगू, कारण त्याशिवाय ह्या माणसाचा राग कळायचा नाही.

अठ्ठ्याऐंशी सालचा उन्हाळा. कचरू तेव्हा सत्तावीस वर्षांचा, सळयांच्या कारखान्यात कामाला. लालबुंद सळई रुळांमधून सरसर बाहेर यायची, ती सांडशीने धरून पुढे द्यायची. रुळांशेजारी दातांची मोठाली चाकं, त्यांच्यावर लोखंडी जाळी. जाळीत सळई अडकते, माल मागे पडतो, शेठ ओरडतो, म्हणून त्या दिवशी बद्रीनाथ मुकादमाने जाळीच काढायला लावली. कचरू म्हणाला होता, "मुकादम, जाळीबिगर काम नको." बद्रीनाथ म्हणाला, "मंग घरी बस." दुपारी तीनला कचरूचा हात आत गेला.

चौकशीला साहेब येईपर्यंत जाळी पुन्हा जागेवर बसली होती. बद्रीनाथने सांगितलं, "पेऊन आल्ता, साहेब. सकाळपासून दोनदा हटकलं मी त्याला." चार कामगारांनी तसं लिहिलेल्या कागदावर अंगठे उठवले. त्यांचीही पोरंबाळं होती.

बोटं गेली ते एक वेळ सोसलं असतं. पण कचरूचा बाप रखमाजी घनसावंगीहून जीप आणि एसटी बदलत दवाखान्यात आला, तेव्हा बद्रीनाथ वॉर्डाच्या दाराशीच उभा होता. त्याने म्हाताऱ्याला बाजूला घेतलं आणि तेच सांगितलं. रखमाजीचा सख्खा भाऊ दारूच्या नशेत विहिरीत पडून मेला होता. तेव्हापासून दारूचं नाव काढलं की म्हातारा पेटायचा. तो खाटेपाशी आला, लेकाच्या तोंडाजवळ वाकला आणि त्याने वास घेतला. नर्सने नुकतीच स्पिरिटने जखम धुतली होती. बँडेज, चादर, उशी, सगळ्याला भपकारा येत होता.

"आबा, मी न्हाई पेलो. आईची आन, आबा!"

म्हाताऱ्याने कचरूच्या आईने, गोजरबाईने, बांधून दिलेलं भाकरीचं फडकं स्टुलावर ठेवलं आणि तो निघून गेला. वासापुढे त्याला आन खोटी वाटली. दोन वर्षांनी तो अंथरुणाला खिळला. शेवटच्या दिवशी घरचे एकेक जण त्याच्या तोंडात पाणी घालत होते. कचरूची पाळी आली. त्याने अंगठ्यात आणि एका बोटात चमचा धरून बापाच्या ओठांना लावला, आणि रखमाजीने दात आवळले. पाणी हनुवटीवरून ओघळून मानेखाली गेलं. तासाभरात तो गेला.

तर असा हा डूख. सोळा वर्षं धरलेला, आणि त्यातली चौदा वर्षं बद्रीनाथ कुठे सापडत नव्हता. कारखाना सोडून तो मंठ्याकडे शेतीला गेला असं कोणी म्हणे, कोणी म्हणे जालन्यातच घर बांधलंय. मग एका जुलैत एम.एस्सी.च्या नव्या पोरांची नावं कचरू हजेरीपटात उतरवत होता आणि सातव्या नावावर त्याचं पेन थांबलं. शिवकन्या बद्रीनाथ. पुढे आडनाव तेच. गाव मंठा, हल्ली मुक्काम जालना. चार दिवसांनी गेटाशी एम-एटी थांबली. पोरगी मागून उतरली, पुढचा माणूस पांढऱ्या केसांचा झाला होता, पण गाडीवर बसायची ती ऐट कचरूने लगेच ओळखली. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने हातातली बरणी खाली ठेवली, नाहीतर फुटलीच असती.

पोरगी मात्र चांगली होती, हीच तर पंचाईत. "मामा, जेवलात का?" असं विचारणारी दुसरी एकही नव्हती. तिने विचारलं की कचरू "हो ताई" म्हणायचा आणि मनात शिव्या मोजायचा.

दुसऱ्या वर्षी सरांनी तिला प्रबंधाला हाच विषय दिला. दोन टाक्या. तीन नंबरमध्ये साधं पाणी, चार नंबरमध्ये सूज मारणारं औषध. दोन्हीकडच्या मासळ्यांची शेपटी एकाच दिवशी कापायची आणि दर सोमवारी भिंगाखाली मोजायची. सर तिला समजावत होते आणि कचरू मागे काचपट्ट्या पुसत होता.

"सूज म्हणजे दुश्मन नाही, बेटा. जखम झाली की शरीर आवाज देतं, पांढऱ्या पेशी धावत येतात. तीच सूज. ती औषधाने दाबली तर शेपूट उशिरा येईल, बघ तू. पण काम झालं की सूज गेलीपण पाहिजे. बसून राहिली तर नवीन मांस येत नाही."

"सोळा वरसं बसली तर काय होतं, ते इचारा म्हणावं," कचरू काचपट्टीला म्हणाला.

पहिल्यांदा त्याच्या मनात नळ आला. नळाच्या ताज्या पाण्यात ब्लीचिंगचा असा मारा असायचा की त्याची एक बादली टाकीत ओतली तर दुपारपर्यंत सगळ्या उलट्या तरंगल्या असत्या. पण मेलेल्या मासळ्यांवर रडायला एक दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले असते, जा कचरू, ओढ्यातून नवीन आण. तेवढ्यावर त्याचं समाधान होणार नव्हतं. त्याला हवं होतं की पोरीने आठवड्यामागून आठवडा भिंगात बघावं आणि दरवेळी तेवढंच थोटूक दिसावं. त्याने स्वतः बँडेज सुटल्यावर सहा महिने तसंच बघितलं होतं, अगदी वेड्यासारखं, सकाळी उठल्या उठल्या.

म्हणून तो दर सोमवारी सकाळी साडेआठला यायचा. मासळीखोलीची किल्ली त्याच्याच करदोट्याला असायची. सात दिवसांत शेपटीला नवा पांढुरका पंखा फुटलेला असायचा, तो बारा वेळा टचकन. चार नंबरच्या टाकीला तो हात लावत नसे.

पहिल्या सोमवारी शिवकन्येला वाटलं, थंडीमुळे असेल. तिने घरून शंभरचा बल्ब आणून टाकीवर टांगला. दुसरा सोमवार सव्वीस जानेवारीचा. झेंडावंदन झाल्यावर ती तशीच पांढऱ्या साडीत आत आली, मोजायला बसली आणि उठलीच नाही. सगळी पोरं जिलेबी खात होती. तिसऱ्या सोमवारी सर चिडले.

"औषधातली मासळी हळूहळू का होईना वाढते आणि साध्या पाण्यातली वाढतच नाही? उलटी गंगा आहे का? तू मोजतेस तरी का, की घरी बसून आकडे लिहितेस?"

पोरीने वहीत तोंड घातलं. खांदे हलत होते. कचरू दारात बादली घेऊन उभा होता. खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं. असं बरं त्याला सोळा वर्षांत वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो दोन भाकरी जास्त जेवला.

झुंबरबाई, त्याची बायको, वाढता वाढता थांबली. त्याच्या हाताजवळ नाक नेऊन तिने वास घेतला.

"दाढ दुखून राह्यली का? लवंगाच्या तेलाचा वास येतोय. मागच्या सोमवारी बी येत होता."

"हां. दुखती थोडी."

"दाढ दुखती, अन् चार भाकरी खाल्ल्या? खरं सांगा काय ते."

मग त्याने सांगून टाकलं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला, मासळी कशी धरतो, ब्लेड कसं मारतो, पोरगी कशी रडली, सगळं. झुंबरबाईने ऐकून घेतलं. ती काही साधीभोळी नव्हती. दारुड्याची बायको म्हणून तिनेही सोळा वर्षं हळदीकुंकवात टोमणे ऐकले होते.

"त्या मुकादमाचं तोंड फोडलं असतं, तर मी सोता तुम्हाला ओवाळलं असतं," ती म्हणाली. "त्याच्यासमोर जायाची हिंमत न्हाई म्हून मासळीचं शेपूट कापायलेत? लपूनछपून? शी! आबांनी निदान तोंडावर दात आवळले होते."

"गप बस."

"बसते. तुम्ही खा."

त्याने ताट सारलं. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा गेला. ही कथा सुरू झाली तो हा सोमवार, नऊ फेब्रुवारी.

बाराव्या मासळीचं शेपूट कापून त्याने ब्लेड पुसलं. दहाला शिवकन्या आली. आज ती रडली नाही. तिने एकेक मासळी भिंगाखाली घेतली आणि मोजायच्याऐवजी चित्रं काढत बसली. दुपारी सर वर्गावर गेले, पोरं डबे खायला गेली. ती उठून कचरूच्या स्टुलापाशी आली आणि तिने वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली.

"मामा, ही चार नंबरची शेपटी. मी कापलेली. सरळ काप आहे. अन् ही तीन नंबरची. खालची बाजू आखूड, वरची लांब. बाराच्या बारा तशाच. पहिल्या दिवशी मी दोन्ही टाक्या सारख्याच कापल्या होत्या."

कचरूने चित्रावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं.

"हा उजव्या हाताचा काप न्हाई. अन् आज मी आले तेव्हा खोलीत लवंगाचा वास होता. तुम्ही कापता ना, मामा?"

नाही म्हणता आलं असतं. पण चोरी पकडल्यावर तोंड फिरवणं हे बद्रीनाथचं काम, असं त्याला वाटलं.

"हां. मीच कापतो."

"का पण? मी काय केलं तुमचं?"

"तू न्हाई केलं! तुझ्या बापानं केलं!" दीड वर्ष तो तिला ‘हो ताई’ म्हणत आला होता, ते सगळं गळून पडलं. "घरी जा अन् त्याला इचार, जाळी कोणी काढायला लावल्ती. इचार, कचरू पेलेला होता का. हे बघ!" त्याने खिशातला हात काढून तिच्या नाकासमोर धरला. "ह्या हातचं पाणी माझ्या बापानं मरताना घेतलं न्हाई. दात आवळले त्यानं. तुझ्या बापाच्या एका शब्दापायी!"

शिवकन्येचा चेहरा पांढराफटक पडला. कारखान्यातल्या दारुड्या कामगाराची गोष्ट तिने लहानपणापासून ऐकली होती. पाहुणे आले की बद्रीनाथ ती रंगवून सांगायचा, आपण कारखाना कसा वाचवला, चार कामगारांचे कागदावर अंगठे कसे घेतले, शेठने पाठ कशी थोपटली. तिने वही उचलली आणि ती निघून गेली.

कचरूने घरी जाऊन झुंबरबाईला सांगितलं, "नोकरी गेली समज."

दोन दिवस पोरगी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती डोळे सुजवून.

"विचारलं मी. बाबा जेवत होते. ताट सारलं अन् उठून गेले. मंग मला कळलं." तिने वही टेबलावर ठेवली. "पण मामा, माझा महिना गेला. सरांनी मला खोटारडी म्हणलं. तुम्हाला खोटारडं म्हणल्यावर कसं वाटलं होतं? तेच तुम्ही मला केलं. मी माफ न्हाई करणार."

"नको करू."

"मी वहीत खरं लिहिणार आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी. तुमच्या हातानं लिहा अन् खाली सही करा. तुमच्या कागदावर दुसऱ्यांनी अंगठे केले होते ना? इथं तुम्ही सोता करा."

असं म्हणून तिने पेन पुढे केलं. पोरगी बापाच्या वळणाची होती, वार बरोबर बसवायची. कचरूने पेन घेतलं. तारखा त्याला तोंडपाठ होत्या, एकोणीस, सव्वीस, दोन, नऊ. प्रत्येकीपुढे त्याने लिहिलं, ‘टाकी नं. ३. बारा मासळ्यांची शेपटी कापली. कचरू रखमाजी.’ बापाचं नाव लिहिताना त्याने अक्षर जरा मोठं काढलं.

सरांनी ती वही दुसऱ्या दिवशी वाचली. मग कचरूला बोलावून दार लावून घेतलं.

"तुझ्यावर भरोसा होता माझा, कचरू."

"हां, सर."

सरांनी वही मिटून बाजूला सारली. नंतर त्यांनी वही पुन्हा उघडली, कारण त्यांना राहवेना. "चार वेळा कापलं. आणि चारही वेळा तेवढंच परत आलं? तेवढंच? तू कापताना मागच्या वेळेपेक्षा कमी फुटलेलं होतं की तेवढंच?"

"तेवढंच, सर. मलाच वाटायचं, आता तरी थकंल. एकदा बी कमी न्हाई."

सरांनी कपाळ चोळलं. प्रबंधाचा विषय त्या दिवशी बदलला. शेपूट पुन्हा पुन्हा कापलं तर पुन्हा पुन्हा येतं का, असा. पुढचे दोन सोमवार कचरूने सगळ्यांच्या देखत कापलं आणि सही केली, आणि मासळ्यांनी दोन्ही वेळा नवं शेपूट काढलं. त्यानंतर सरांनी हात पुढे केला आणि किल्ली मागितली. वरिष्ठांकडे तक्रार केली नाही, पण मासळीखोली बंद. करदोट्याची किल्ली सोडताना कचरूला फार लागलं. तेव्हापासून त्याची जागा व्हरांड्यात, पाण्याच्या माठापाशी, बाकावर.

एप्रिलात बाहेरचे परीक्षक आले. ऊन असं की माठाला गुंडाळलेलं फडकं दर तासाला भिजवावं लागत होतं. अकराच्या सुमाराला गेटावर एम-एटी थांबली. फेब्रुवारीपासून बद्रीनाथ पोरीला गेटाबाहेरच सोडून निघून जायचा. आज शिवकन्या उतरली आणि तिने त्याला काहीतरी म्हटलं. त्याने मान हलवली. ती पुन्हा बोलली. मग त्याला घेऊन ती सरळ व्हरांड्यात आली.

"बाबा, इथं सावलीला बसा. तासभर लागंल मला." तिने बाकाचं दुसरं टोक दाखवलं. "पाणी लागलं तर मामांना मागा."

एवढं म्हणून ती आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

बद्रीनाथ बसला. बाक पाच फुटांचा. एका टोकाला हा, एका टोकाला तो. आतून सरांचा आवाज येत होता, पोरीचाही येत होता. "हे काप आमच्या विभागातल्या कचरू रखमाजी यांनी केलेत," असं ती सांगत होती. बद्रीनाथने टॉवेलने मान पुसली. पुन्हा पुसली. कचरू समोर बघत बसला होता. पाव तास असा गेला.

शेवटी बद्रीनाथला कोरडा घसा सहन होईना.

"पाणी मिळंल का?"

कचरू उठला. त्याने ग्लास विसळला, उजव्या हातात धरला, अंगठा आणि एक बोट, आणि माठातून ओगराळ्याने काठोकाठ भरला. भरलेला ग्लास घेऊन तो बद्रीनाथसमोर उभा राहिला. बद्रीनाथने हात पुढे केला.

"मुकादम, त्या दिवशी मी पेलो होतो का?"

"कचरू, झालं गेलं ते..."

"मी इचारलं तेवढंच सांगा."

आतले आवाज थांबले होते. बद्रीनाथने उघड्या दाराकडे पाहिलं. दारातून त्याच्या लेकीची पाठ दिसत होती, ताठ.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय न्हाई?"

"पेला नव्हतास तू."

"अन् जाळी?"

"मीच काढायला लावल्ती." हात त्याने तसाच पुढे धरला होता. "माझी बी नोकरी होती, कचरू. पाणी दे ना बाबा."

कचरूने त्याच्या पुढे आलेल्या हाताकडे पाहिलं. पाचही बोटं जागेवर होती. सोळा वर्षं त्याने ह्या हातावर काय काय करायचं ठरवलं होतं, आणि आता त्यातलं काहीच आठवेना. फक्त एवढं कळत होतं की हे पाणी ह्या माणसाचं नाही.

"माझ्या हातचं पाणी तुम्हाला न्हाई मिळायचं, मुकादम. नळ तिकडं हाय. आज त्याला पाणी यायची पाळी न्हाई."

तो बद्रीनाथला ओलांडून व्हरांड्याच्या पायऱ्या उतरला. ग्लास हिंदकळू नये म्हणून डावा हात खाली धरला होता. खाली कोरडी, भेगाळलेली माती होती. घनसावंगीकडे तोंड करून तो उन्हात उकिडवा बसला.

"आबा, ऐकलं का?" तो हळूच म्हणाला.

मग त्याने ग्लास सावकाश कलता केला. पाणी पडत गेलं तशी माती ते घेत गेली, शेवटपर्यंत. एक थेंबही बाजूला ओघळला नाही.